दिसत नाही तिथली काटकसर

छोट्या गाड्यांच्या दर्जाचा विषय काढला की समोरून येणारे उत्तर ठरलेले असते. भारतीय ग्राहक पैशाला चिकट आहे. शोरूममध्ये तो दोनच गोष्टी विचारतो, ऑन-रोड किती आणि अ‍ॅव्हरेज किती. दहा हजारांनी किंमत वाढली की तो समोरच्या दुकानात जातो. तेव्हा सर्वसामान्यांपर्यंत गाडी पोहोचवायची असेल तर कुठेतरी कात्री लावावीच लागणार. आणि शेवटी, चार माणसे एका स्कूटरवरून जाण्यापेक्षा साध्यासुध्या गाडीतून गेलेली काय वाईट? उद्योगाच्या परिषदांत हे बोलले जाते, वाहनविषयक सदरांत छापले जाते, आणि आता तर ग्राहकही आपल्याच तोंडाने म्हणू लागला आहे, ‘एवढ्या पैशांत अजून काय मिळणार?’ या शेवटच्या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. ज्याच्या तोंडाला पाने पुसली त्यानेच पुसणाऱ्याची वकिली करावी, इतके हे मत आपल्या अंगवळणी पडले आहे. ते मत बुडापासून खोटे आहे.

गाडी स्वस्त करायला माझा विरोध नाही. सहा-आठ लाखांचे कर्ज काढून, महिन्याचा हप्ता भरून गाडी घेणाऱ्या माणसासाठी गाडी स्वस्त व्हायलाच हवी. पण खर्च कमी करण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांची सरमिसळ करूनच हा सगळा युक्तिवाद उभा राहतो. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत टाटांनी नॅनो दाखवली. तिला एकच वायपर होता. चाक चारऐवजी तीन नटांवर बसवलेले होते. डाव्या बाजूचा आरसा नव्हता, पॉवर स्टिअरिंग नव्हते, मागचे दार उघडत नव्हते, पेट्रोल भरायला पुढचे बोनेट उघडावे लागे. ही सगळी काटकसर उघड्यावर होती. घेणाऱ्याला ती दिसत होती आणि ती मान्य करायची की नाही हे तो ठरवू शकत होता. काचा हाताने फिरवायच्या, डॅशबोर्डचे प्लास्टिक कडक, गाणी ऐकायची सोय नाही, हे सगळे चालेल. ग्राहकाने समजून-उमजून केलेला तो सौदा आहे.

दुसरी वाट वेगळी आहे. तिच्यात खर्च तिथे वाचवतात जिथे ग्राहकाची नजर पोहोचू शकत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवल्या. ऑल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो. पाचही गाड्यांचे एअरबॅग नसलेले प्रकार घेतले होते आणि मोठ्या माणसांच्या संरक्षणात पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. बातम्यांत शून्य गाजला. त्या निकालातली खरी गोष्ट मात्र फार थोड्यांनी वाचली. फिगो आणि पोलो या दोन गाड्यांचा सांगाडा धडकेनंतरही टिकून होता, बाकी तिघींचा कोसळला होता. त्याच पोलोला दोन एअरबॅग लावून पुन्हा आदळवले तेव्हा चार तारे मिळाले, आणि फोक्सवॅगनने एअरबॅग नसलेली पोलो भारतातून लगेच काढून घेतली. उरलेल्या तीन गाड्यांना एअरबॅग लावूनही फारसा उपयोग झाला नसता.

असे का होते हे नीट समजून घ्यायला हवे, कारण सगळी फसवणूक इथेच लपते. धडक बसली की गाडीचे नाक चुरगळायलाच हवे. ते चुरगळण्यात धडकेचा जोर खर्च होतो. पण माणसे बसतात तो कप्पा मात्र जागचा हलता कामा नये. छत पेलणारे खांब वाकता कामा नयेत, पायाखालचा तळ फाटता कामा नये, स्टिअरिंगचा दांडा छातीवर येता कामा नये. सीटबेल्टला आणि एअरबॅगला आपले काम करण्यासाठी माणूस आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये वीतभर जागा लागते. कप्पाच आत आला तर ती जागा उरत नाही, आणि मग एअरबॅग फुगली काय किंवा न फुगली काय. २०१६ साली रेनोच्या क्विडने हे सिद्ध केले. तिचे तीन प्रकार आदळवले, त्यांत एअरबॅग असलेलाही होता, आणि तिन्ही वेळा शून्यच आला. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये डॅटसन गोचा सांगाडा इतका कमकुवत निघाला की ग्लोबल एनकॅपचे अध्यक्ष मॅक्स मोस्ले यांनी निस्सानचे प्रमुख कार्लोस घोन यांना पत्र लिहून ती गाडी बाजारातून काढायला सांगितले.

आता सांगा, खांबाच्या आत कुठल्या प्रतीचे पोलाद वापरले आहे, तळाला मजबुतीची पट्टी जोडली आहे की गाळली आहे, हे ग्राहकाने ओळखायचे कसे? आपल्याकडे लोक बोनेटवर टिचकी मारतात, दार आपटून आवाज ऐकतात, ‘पत्रा पातळ आहे’ म्हणतात. बिचाऱ्यांजवळ तेवढेच साधन आहे आणि ते साधन चुकीचे आहे. बाहेरच्या पत्र्याचा जीव वाचण्याशी फारसा संबंध नसतो. ज्याच्याशी संबंध असतो ते रंगाच्या, पॅनेलच्या आणि गालिच्याच्या आत झाकलेले असते. त्याची पूर्ण माहिती एकट्या कंपनीकडे असते. तिला हे ठाऊक असते की उघड्या जागी वाचवलेला रुपया ग्राहकाला खटकेल आणि झाकलेल्या जागी वाचवलेला रुपया त्याला कधीच कळणार नाही, कळलाच तर अपघाताच्या दिवशी. असे असताना ‘ग्राहकालाच नको आहे’ हे म्हणण्याचा अधिकार कंपनीला कोणी दिला? जे दाखवलेच नाही ते त्याने नाकारले कधी?

‘आमच्या गाड्या भारतातले सर्व नियम पाळतात,’ हे २०१४ सालचे उत्तर होते. ते अक्षरशः खरे होते, आणि म्हणूनच अधिक संतापजनक होते. समोरून अर्धवट बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी युरोपात १९९८ पासून नव्या मॉडेलना बंधनकारक होती. भारतात तीच चाचणी, ताशी ५६ किलोमीटर वेगाची, नव्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना २०१९ पासून लागू झाली. मधली एकोणीस वर्षे याच कंपन्या किंवा त्यांच्या मातृकंपन्या युरोपात ती चाचणी उत्तीर्ण होणाऱ्या गाड्या बनवत होत्या. ज्ञान होते, आरेखने होती, यंत्रे होती. भारतात सक्ती नव्हती, म्हणून इथल्या माणसाला ते दिले नाही. चालकासाठी एक एअरबॅग सक्तीची व्हायलाही १ जुलै २०१९ उजाडावा लागला. तोपर्यंत ती बहुतेक वेळा ‘टॉप मॉडेल’मध्ये मिळे, म्हणजे मिश्र धातूची चाके आणि मोठी म्युझिक सिस्टीम घेणाऱ्याला ती सोबत मिळायची. बेस मॉडेल घेणाऱ्याची छाती काय वेगळ्या हाडांची असते?

आता ग्राहकाच्या चिकटपणाकडे वळू. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत इतके तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी, आणि ती आपल्या रांजणगावला तयार होते. २०२० साली महिंद्राच्या एक्सयूव्ही३००ने तेच केले, ती नाशिकची. २०२१ मध्ये पुण्यात बनणाऱ्या पंचने पाच तारे मिळवले. पंच काही श्रीमंतांची गाडी नाही, २०२४ मध्ये तिची सुरुवातीची किंमत सहा लाखांच्या आसपास होती. ग्राहक सुरक्षेला विचारत नसता तर ती धूळ खात पडली असती. झाले काय? २०२४ या वर्षात देशात सर्वांत जास्त खपलेली गाडी पंच ठरली, दोन लाखांहून जास्त. चार दशके पहिला क्रमांक मारुतीच्या कुठल्या ना कुठल्या गाडीकडे असायचा, तो गेला. तिच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर वॅगन आर होती, जिला २०२३ च्या चाचणीत एक तारा मिळाला होता. पंच केवळ ताऱ्यांमुळे खपली असे मी म्हणणार नाही. पण तारे सांगून गाडी विकता येते, आणि पाच तारे सहा लाखांत बसतात, या दोन्ही गोष्टी अशक्य असल्याचे आम्हाला वर्षानुवर्षे शपथेवर सांगितले जात होते.

उलट ‘फक्त स्वस्त’ म्हणून विकलेल्या गाडीचे काय झाले तेही बघा. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख नॅनो बनवण्यासाठी उभारला होता. सर्वांत चांगल्या वर्षी विक्री पाऊण लाखाच्या आसपास थांबली. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ अशी तिची ओळख करून देणे ही चूक होती, हे पुढे खुद्द रतन टाटांनी मान्य केले. आणि डॅटसन हे नावच निस्सानने २०२२ मध्ये भारतातून गुंडाळले. ज्या गरजू ग्राहकाच्या नावाने काटकसरीचे समर्थन चालते, त्यानेच या गाड्यांकडे पाठ फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा घेतलेल्या गाडीचा त्याला अभिमान वाटायला हवा असतो. आपण ‘स्वस्तातले’ ठरलो आहोत ही जाणीव त्याला नको असते.

आता उरतो तो युक्तिवाद, ज्याच्यापुढे भलेभले गप्प बसतात. गाडी महाग झाली तर माणूस दुचाकीवरच राहील आणि दुचाकीवर जास्त माणसे मरतात. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची साडेचव्वेचाळीस टक्के, कार आणि तत्सम हलक्या वाहनांतली साडेबारा टक्के. आकडे खरे आहेत. पण साडेबारा टक्के म्हणजे एका वर्षात सुमारे एकवीस हजार माणसे. स्कूटरवरून उतरून गाडीत बसली म्हणून ती वाचली नाहीत. त्यांच्या घरच्यांना आपण काय सांगणार, दुचाकीपेक्षा बरे म्हणून समाधान माना?

शिवाय गाडी घेतली की माणसाचा रस्ता बदलतो. पुणे-मुंबई द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, समृद्धीवरही आहे. जो माणूस स्कूटरवरून गावातल्या गावात ताशी चाळीसने फिरत होता, तोच गाडी आल्यावर बायको-मुलांना घेऊन नागपूरहून शिर्डीला निघतो. समृद्धीवर कारला ताशी १२० ची मुभा आहे. ५६ किंवा ६४ किलोमीटरच्या धडकेत जिचा कप्पा कोसळतो अशी गाडी आपण त्याच्या हाती देतो, त्याला त्या वेगाच्या रस्त्यावर सोडतो आणि वर म्हणतो की स्कूटरपेक्षा तू सुरक्षित आहेस! तुलना स्कूटरशी करायचीच कशाला? त्याच किमतीत नीट बनवता येण्याजोग्या गाडीशी करा. ती गाडी बनवता येते हे रांजणगावने आणि नाशिकने दाखवून दिले आहे.

किमतीचाही हिशेब मांडू. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा काढला. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून तो लागू व्हायचा होता, मग एक वर्ष पुढे गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरींनी सांगून टाकले की सक्ती होणार नाही. मधल्या काळात मारुती सुझुकीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव उघडपणे सांगत होते की या नियमाने छोटी गाडी महागेल आणि छोट्या गाडीचा ग्राहकच मारला जाईल. गडकरी एका एअरबॅगचा खर्च आठशे रुपये सांगत, उद्योगाचा हिशेब एकूण काही हजारांवर जाई. उद्योगाचाच हिशेब खरा माना. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर, उपकर धरून, २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पाच लाखांच्या गाडीमागे हा फरक सुमारे बेचाळीस हजारांचा होतो. छोट्या गाडीचा ग्राहक जगवायचा तर कराचा भार हलका करता येत होता, हाच त्याचा पुरावा. मग इतकी वर्षे किंमत कमी ठेवण्यासाठी सर्वांत आधी हात घातला गेला तो ग्राहकाच्या बरगड्यांना वाचवणाऱ्या गोष्टीला का? आणि याच वर्षांत याच वर्गातल्या गाड्यांत टचस्क्रीन आले, क्रोमच्या पट्ट्या आल्या, काहींना सनरूफ आले. त्यांच्यासाठी पैसे कुठून निघाले?

खर्च कमी करायचा म्हणजे दर्जा कमी करायचाच, हे समीकरण उद्योगाचा स्वतःचा इतिहासच खोडून काढतो. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला होती, १९२५ पर्यंत तिचा सर्वांत स्वस्त प्रकार २६० डॉलरवर आला. फोर्डने पोलाद कमी केले नाही. उलट व्हॅनेडियम मिसळलेले, त्या काळचे उत्तम पोलाद त्याने वापरले. पैसे वाचले ते १९१३ साली हायलंड पार्कला सुरू झालेल्या फिरत्या जुळणीमुळे, जिने एका गाडीच्या जुळणीचे तास बाराहून दीडवर आणले. लांब कशाला, मारुती ८००च बघा. डिसेंबर १९८३ मध्ये ती आली तेव्हा समोर कलकत्त्याची अ‍ॅम्बॅसॅडर आणि आपल्या कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी होती. मारुती त्यांच्याहून महाग नव्हती आणि तरी जास्त भरवशाची होती. सकाळी चालू होणारी, वाटेत बंद न पडणारी. म्हणूनच तिने दोघींना हरवले. स्वस्त आणि चांगले एकत्र आणूनच जी कंपनी या देशात मोठी झाली, तिच्या बाजूने आज ‘स्वस्त हवे तर एवढेच’ असे बोलले जावे, याचे दुःख होते.

दुसऱ्या वाटेने गेलेल्यांचेही अनुभव समोर आहेत. १९९२ साली जनरल मोटर्सने खरेदीचा कारभार होसे इग्नासिओ लोपेझ यांच्याकडे सोपवला. त्यांनी पुरवठादारांचे करार मोडून पुन्हा बोली मागवल्या, भाव पिळून काढले आणि पुढच्याच वर्षी ते फोक्सवॅगनकडे गेले. ताळेबंद सुधारला, मग गाड्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. जर्मनीत या दुखण्याला ‘लोपेझ इफेक्ट’ असे नावच पडले. चाकण-भोसरीच्या ज्या छोट्या व्हेंडरला दरवर्षी भाव काही टक्क्यांनी उतरवून मागितला जातो, त्याला हे नाव ठाऊक नसेल, पण ती ओढाताण पुरेपूर ठाऊक आहे. तो वाचवणार कुठून? मालाच्या प्रतीतून, तपासणीतून, कामगाराच्या वेळेतून. जनरल मोटर्सच्याच शेवरोले कोबाल्ट या स्वस्त छोट्या गाडीत किल्ली फिरवायचे स्विच सैल निघाले. धक्का बसला की किल्ली मागे सरके, इंजिन बंद पडे आणि नेमकी एअरबॅगही निकामी होई. कंपनीच्या अभियंत्यांना ते वर्षानुवर्षे माहीत होते. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि भरपाई देताना १२४ मृत्यू मान्य करावे लागले. त्या सुट्या भागाची किंमत एक डॉलरही नव्हती.

आपल्याकडचे रस्ते वाईट आहेत, माणसे उलट दिशेने गाड्या घालतात, पट्टा लावत नाहीत, हेही लगेच ऐकवले जाते. २०२२ मध्ये सोळा हजारांहून जास्त माणसे पट्टा न लावता मेली, हे मला मान्य आहे आणि त्याबद्दल त्यांना व पोलिसांना दोष द्यायलाच हवा. पण माणूस चुकणार हे गृहीत धरूनच तर ही सगळी विद्या जन्मली. व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन टोकांचा पट्टा तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट सगळ्या जगाला खुले करून दिले. माणसांनी आधी चांगले चालवायला शिकावे, मग बघू, असे तेव्हा व्होल्वो म्हणाली नाही.

मे २०२५ मध्ये मारुतीने जाहीर केले की ऑल्टो के१०, वॅगन आर, सेलेरियो आणि ईको यांच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग असतील. कायद्याने सांगितलेले नसताना. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये तिच्याच नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले होते. २०२२ मध्ये ज्यामुळे छोटी गाडी संपणार होती, ते आज बेस मॉडेलमध्ये आहे. या तीन वर्षांत विज्ञानात कोणता नवा शोध लागला? कोणताही नाही. लोक शोरूममध्ये जाऊन ‘तारे किती?’ विचारू लागले आणि शेजारच्या दुकानात पाच तारे मिळू लागले, एवढेच घडले. म्हणजे हे २०२२ मध्ये शक्य होते, २०१४ मध्येही शक्य होते. मधल्या काळात त्या गाड्यांत जे गेले ते गरिबीने गेले नाहीत, कोणीतरी कागदावर मांडलेल्या हिशेबाने गेले.

म्हणून हा विषय आता कंपन्यांच्या मर्जीवर सोडता येणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ चाचणी सुरू झाली, पण ती ऐच्छिक आहे. गाडी पाठवायची की नाही हे कंपनी ठरवते, आणि जिचा निकाल वाईट येईल अशी शंका आहे ती गाडी कोण आपणहून पाठवील? ही चाचणी सक्तीची करा. प्रत्येक मॉडेलचा सर्वांत स्वस्त प्रकार आदळवा, कारण सर्वांत जास्त काटकसर तिथेच होते. सांगाडा टिकला की कोसळला हे मराठीत, हिंदीत, ज्या त्या राज्याच्या भाषेत लिहा आणि तो कागद किमतीच्या कागदाशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावा. अ‍ॅव्हरेजचा आकडा सांगता, एक्स-शोरूमचा सांगता, तसा हाही सांगा. हे समोर ठेवल्यावरही भारतीय ग्राहक दहा हजार वाचवण्यासाठी कोसळणारा कप्पाच निवडील अशी कंपन्यांची खात्री असेल, तर या सक्तीला विरोध करण्याचे त्यांना काहीही कारण उरत नाही.